‘शोल्ट्स’ म्हणजे पाटील : एका जर्मन आडनावाची कुळकथा

डिसेंबर २०२१ मध्ये ओलाफ शोल्ट्स हे जर्मनीचे चान्सेलर झाले, तेव्हा वर्तमानपत्रातील ती बातमी आम्ही दहावीच्या वर्गात वाचून दाखविली होती. चान्सेलर म्हणजे कोण, हे सांगून झाल्यावर सहज म्हणून आम्ही बोलून गेलो की, ‘शोल्ट्स’ ह्या आडनावाचे भाषांतर आपल्याकडे ‘पाटील’ असे करावयास फारशी हरकत नाही. वर्गात हशा पिकला. तसे होणे साहजिकच होते. कारण मागच्या बाकावर आमचेही एक पाटील बसलेले होते, आणि सर्वांच्या माना तिकडे वळल्या. हशा ओसरल्यावर तोच मुलगा उभा राहिला व म्हणाला, “सर, आमच्या घरात कोणी पाटीलकी केल्याचे कोणालाच आठवत नाही. पणजोबांपासून सगळे इकडेच नोकरीत आहेत. मग आम्ही पाटील कसे? आणि ते शोल्ट्स तरी खरोखरीचे पाटील होते काय?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी द्यावयाचे. दुसऱ्याचे उत्तर आम्ही त्या दिवशी टाळले. कारण तासाची दहाच मिनिटे उरली होती, आणि ते उत्तर दहा मिनिटांत मावणारे नव्हते. ते उशिरा का होईना, पण येथे देत आहोत.

‘शोल्ट्स’ ह्या आडनावाचा मूळपुरुष ‘शुल्टहाइस’ हा शब्द होय. तो सामासिक आहे. त्याचा पूर्वार्ध ‘शुल्ट’ म्हणजे देणे, जे दुसऱ्यास देणे लागते ते. उत्तरार्ध आज्ञा करणे ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. तेव्हा शुल्टहाइस म्हणजे ‘ज्याचे जे देणे असेल ते देण्याची आज्ञा करणारा’. ह्यातील पूर्वार्धाची एक मौज सांगण्यासारखी आहे. आजच्या जर्मन भाषेत त्या एकाच शब्दाचे कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ होतात. जुन्या काळी हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नव्हते. राजाचा सारा न देणारा देणेकरी होता, आणि शेजाऱ्याचे डोके फोडणाराही त्या शेजाऱ्याच्या दंडाचा देणेकरीच होता. दोघांकडूनही वसुली करावयाची ती ह्याच अधिकाऱ्याने. म्हणून वसुली आणि न्यायदान ही दोन्ही कामे त्याच्याकडे आली, यात नवल नाही.

हा शब्द किती जुना आहे, ह्याचा पुरावा जर्मनीत नव्हे, इटलीत मिळतो. लोंबार्ड नावाचे जर्मन वंशाचे लोक ६ व्या शतकात इटलीत उतरले. त्यांचा राजा रोथारी ह्याने ६४३ साली आपल्या लोकांचे कायदे लिहून काढविले. ते लॅटिन भाषेत आहेत. परंतु ज्या गोष्टींना लॅटिनमध्ये नेमका शब्द सापडेना, तेथे लेखकाने आपल्या घरचा शब्द तसाच ठेवला. अशा ठेवलेल्या शब्दांत ‘स्कुल्डहाइस’ हा एक आहे. म्हणजे आपल्याकडे बदामीस चालुक्यांचे राज्य होते, त्या सुमारास तिकडे हे अधिकारी कायद्याच्या पुस्तकात येऊन बसले होते.

ह्या अधिकाऱ्यांपैकी एकाची गोष्ट मात्र अशी आहे की, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ती पॉल डीकन ह्या ८ व्या शतकातील इतिहासकाराने आपल्या लोंबार्ड लोकांच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील फ्रिउली प्रांतावर तेव्हा फेर्डुल्फ नावाचा सरदार अंमल करीत होता. त्याच्या हाताखाली आर्गाइत नावाचा एक शूर स्कुल्डहाइस होता. एकदा सरहद्दीवरील स्लाव्ह लोकांनी धाड घालून मेंढरे पळविली. आर्गाइतने त्यांचा पाठलाग केला. पण चोर हाती लागले नाहीत. परत येताना वाटेत फेर्डुल्फ भेटला. त्याने चोरांचे काय झाले असे विचारले, आणि ते निसटले हे ऐकताच तो संतापून म्हणाला की, तुझ्या हातून शौर्य ते काय घडणार! तुझे नावच मुळी ‘आर्गा’ ह्या शब्दापासून निघालेले! लोंबार्ड भाषेत आर्गा म्हणजे भित्रा. ही शिवी इतकी झोंबणारी समजली जात असे की, रागाच्या भरात दुसऱ्यास आर्गा म्हणणाऱ्यास रोथारीच्या कायद्यातच दंड सांगितला होता. आर्गाइतने एवढेच उत्तर दिले की, आपणा दोघांत आर्गा कोण, हे लोकांना कळेपर्यंत देव आपणास ह्या जगातून न नेवो.

थोड्याच दिवसांनी स्लाव्हांची मोठी फौज आली व एका उभ्या चढणीच्या डोंगरमाथ्यावर तिने तळ दिला. फेर्डुल्फ चढण्यास सोपी बाजू शोधीत डोंगराभोवती फिरू लागला. ते शहाणपणाचेच होते. पण आर्गाइत त्याच्याजवळ आला, त्या शिवीची त्याने आठवण करून दिली, आणि जो मागाहून शत्रूला भिडेल त्याच्यावर देवाचा कोप होवो, असे म्हणून घोडा सरळ त्या उभ्या चढणीवर घातला. सरदाराला लाज वाटली; तोही त्याच वाटेने निघाला, आणि धनी निघाला म्हणून सारे सैन्य निघाले. वरून स्लाव्हांनी दगड लोटले, कुऱ्हाडी चालविल्या. फ्रिउलीतील जवळजवळ सर्व सरदार घराणी त्या दिवशी कापली गेली. त्यांत फेर्डुल्फ आणि आर्गाइत दोघेही पडले. नावावर कोटी करण्याची एवढी जबर किंमत दुसऱ्या कोणी मोजल्याचे आमच्या वाचनात नाही. वर्गात पाटलांकडे वळून हसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवली तर बरे!

पण आपण अधिकाराविषयी बोलत होतो. पुढील काळात जर्मनीत ह्या अधिकाऱ्याला केवढा मान होता, हे ‘साक्सेनश्पीगेल’ म्हणजे ‘सॅक्सन लोकांचा आरसा’ ह्या प्रसिद्ध कायदेग्रंथावरून कळते. तो आइके फॉन रेप्गो ह्याने १२२० ते १२३५ च्या दरम्यान रचला. त्यात असे सांगितले आहे की, शुल्टहाइस हजर नसेल तर प्रत्यक्ष काउंटलाही आपला दरबारी न्यायनिवाडा रीतसर चालविता येत नाही. आणि खुद्द काउंटविरुद्धच तक्रार झाली तर त्याने शुल्टहाइससमोर उभे राहून उत्तर दिले पाहिजे. शहरांतूनही हे पद होते. कवी गटेचे आजोबा योहान वोल्फगांग टेक्स्टोर हे फ्रांकफुर्ट शहराचे शुल्टहाइस होते, आणि नातवाला नाव मिळाले तेही त्यांचेच. ह्या आजोबांचे ‘टेक्स्टोर’ हे आडनाव म्हणजे ‘वेबर’, अर्थात विणकर, ह्या शब्दाचे लॅटिन रूपांतर! म्हणजे शहराचा शुल्टहाइस आडनावाने विणकर. आणि त्याच वेळी शुल्टहाइस आडनावाचे किती तरी लोक मागावर बसून कापड विणीत असले पाहिजेत. धंदा आणि आडनाव ह्यांची फारकत तेव्हाच पूर्ण झाली होती.

आता एका मोठ्या घडामोडीकडे वळू. कारण ह्या आडनावाच्या पिकाची खरी पेरणी तीत झाली. १२ व्या शतकापासून १४ व्या शतकापर्यंत जर्मन, फ्लेमिश व डच शेतकऱ्यांचे तांडे एल्ब नदी ओलांडून पूर्वेकडे जात राहिले. तिकडे स्लाव्ह लोकांची वस्ती होती. पण रान पुष्कळ आणि नांगर थोडे, अशी स्थिती होती. तेथील राजे, बिशप आणि सरदार ह्यांना सारा देणारी माणसे हवी होती. म्हणून ते एखाद्या हिकमती माणसाशी करार करीत. त्याला ‘लोकाटोर’ म्हणत. त्याने माणसे जमवून आणावयाची, जमीन मोजून वाटून द्यावयाची, गाव वसवावयाचे. नव्या कुळांना सुरुवातीची काही वर्षे साऱ्याची माफी असे. एवढी यातायात केल्याबद्दल त्या माणसाला काय मिळे? तर गावच्या शुल्टहाइसाचे पद, आणि तेही वंशपरंपरेने. साऱ्यातून मुक्त अशी जमीन. गावच्या न्यायसभेत जो दंड वसूल होईल त्याचा बहुधा तिसरा हिस्सा. आणि पुष्कळदा गिरणीचा किंवा गुत्त्याचा हक्क. माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान ह्याने ११५९ साली हाफेल नदीकाठचे वुस्टरवित्स गाव हाइनरिख नावाच्या माणसाला फ्लेमिश लोक आणून वसविण्यासाठी दिले. त्याची सनद आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. तिच्यात ह्याच स्वरूपाच्या अटी आहेत.

इनाम जमीन, वंशपरंपरा, वसुली, गावसभेचे अध्यक्षपद! वाचकांस येथे आपल्या वतनदार पाटलाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वर्गात आम्ही जे भाषांतर केले ते ह्याच आधारावर. एक फरक मात्र सांगून ठेवला पाहिजे. पूर्व जर्मनीतील हा पाटील बहुधा गावाच्या जन्मापासूनचा, किंबहुना गावाचा जनकच होता. गाव आधी आणि पाटील मागून, असा प्रकार तेथे नव्हता. दोन्हीकडची वतने पुढे कायद्याने गेली. प्रशियात १८७२ च्या जिल्हा कायद्याने वंशपरंपरेचे शुल्त्सेपद रद्द झाले. महाराष्ट्रात मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. आडनावे मात्र कोणत्याही कायद्याने गेली नाहीत.

हे पद आडनाव केव्हा झाले? जर्मनीत स्थिर आडनावांची चाल १२ व्या शतकाच्या सुमारास ऱ्हाइन नदीकाठच्या व दक्षिणेकडील शहरांत सुरू झाली आणि पुढील दोन-तीनशे वर्षांत खेड्यापाड्यांतून पसरली. गावात योहान नावाची चार माणसे झाली की त्यांना वेगळे ओळखण्याची सोय करावी लागते. एक लोहार योहान, एक गिरणीवाला योहान, एक शुल्त्से योहान. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण ती वरवर उलटी वाटते. ज्या काळी शंभरांतील ऐंशी-नव्वद माणसे शेती करीत, त्या काळातून आलेल्या आडनावांत ‘शेतकरी’ हे आडनाव सर्वांत अधिक असावयास हवे होते. परंतु जर्मनीत पहिला क्रमांक आहे ‘म्युलर’चा, म्हणजे गिरणीवाल्याचा, दुसरा ‘श्मिट’चा, म्हणजे लोहाराचा. कारण उघड आहे. जेथे सगळेच शेतकरी, तेथे ‘शेतकरी योहान’ म्हटल्याने काहीच ओळख पटत नाही. आडनाव होण्यास धंदा असा हवा की जो गावोगाव असेल, पण प्रत्येक गावात एकाचाच असेल. गिरणीवाला एक, लोहार एक, गावप्रमुख एक. म्हणूनच ‘शुल्ट्स’ हे जर्मनीतील पहिल्या दहा आडनावांत आहे, आणि त्याची भावंडे ‘शुल्त्से’ व ‘शोल्ट्स’ ही पहिल्या शंभरांत आहेत.

मात्र प्रत्येक शुल्ट्सचा पूर्वज गावप्रमुख होता असे समजू नये. गावप्रमुखाच्या वाड्यावर राबणाऱ्या गड्यालाही लोक ‘शुल्त्सेकडचा’ म्हणून ओळखीत. त्याची जमीन कसणाऱ्या कुळालाही तेच नाव चिकटे. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आले.

आता नकाशाकडे पाहू. आडनावांचा नकाशा काढता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. कोनराड कुंत्से आणि दामारिस न्यूब्लिंग ह्या दोन विद्वानांनी जर्मन आडनावांचा एक प्रचंड नकाशासंग्रह संपादित केला. त्याचे सात खंड २००९ ते २०१८ ह्या काळात प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो २००५ सालच्या टेलिफोन-यादीचा! कोट्यवधी घरांच्या टेलिफोनवरून कोणते आडनाव कोठे किती, हे मोजून काढले. येथेही एक खाचखळगा आहे. नुसते आकडे पाहिले तर बर्लिनमध्ये सर्वच आडनावे पुष्कळ दिसतील, कारण शहरच मोठे. म्हणून एकूण आडनावांत ह्या आडनावाचे प्रमाण किती, असे पाहावे लागते. भूगोलाच्या तासाला लोकसंख्या आणि लोकसंख्येची घनता ह्यांतील फरक आपण शिकतो, त्यातलाच हा प्रकार.

अशा रीतीने पाहू लागले म्हणजे मूळच्या एका शब्दाची शकले देशभर कशी पसरली आहेत ते दिसते. ‘शुल्टहाइस’ हे अखंड रूप हेसेन, फ्रांकोनिया व व्युर्टेंबर्ग ह्या मध्य व नैर्ऋत्येकडील भागांत टिकले. व्युर्टेंबर्गमध्ये तर गावप्रमुखाची ही पदवीच १९३० पर्यंत चालू होती. शब्द रोजच्या तोंडात होता म्हणून आडनावही झिजले नाही. स्वित्झर्लंडमधील झ्यूरिखकडे त्याचे ‘शुल्टहेस’ झाले. मोझेल नदीच्या खोऱ्यात व लुक्सेंबुर्गमध्ये ‘शोल्टेस’ झाले. ब्रांडेनबुर्ग, मेक्लेनबुर्ग, पोमेरेनिया ह्या ईशान्येकडील प्रदेशांत, म्हणजे लोकाटोरांनी गावे वसविली त्या मुलखात, ‘शुल्ट्स’. त्याच्या दक्षिणेस एल्ब व झाले नद्यांच्या बाजूस ‘शुल्त्से’. आणि आग्नेयेस सिलेशियात ‘शोल्ट्स’, कारण तेथील बोलीत अशा ठिकाणी ‘उ’चा ‘ओ’ होतो. शुल्ट्स आणि शोल्ट्स ह्यांतील फरक एवढ्या एका स्वराचा. पण त्या स्वरावरून माणसाचा मूळ प्रांत सांगता येतो.

वायव्येकडील ‘शुल्टे’ हे रूप भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मजेदार आहे. उत्तरेकडील सखल प्रदेशाच्या जर्मन बोलीत, दक्षिणेकडे ज्या ठिकाणी ‘स’ येतो त्या ठिकाणी ‘ट’ राहिला आहे. प्रमाण जर्मन भाषेत पाणी म्हणजे ‘वासर’, उत्तरेकडील बोलीत ‘वाटर’. इंग्रजीतही तसाच ‘ट’ आहे. त्याच नियमाने आज्ञा करणे ह्या अर्थाचे क्रियापद दक्षिणेत ‘हाइसेन’ तर उत्तरेत ‘हेटेन’. म्हणून तिकडे अधिकारी झाला ‘शुल्टहेटे’, आणि झिजून झिजून ‘शुल्टे’. तेव्हा शुल्त्सेमधील शेवटचा ‘से’ आणि शुल्टेमधील शेवटचा ‘टे’ ही त्या एकाच क्रियापदाची उरलेली दोन शेपटे आहेत. हॉलंडात तर ‘ल’ सुद्धा विरघळून गेला. जर्मन ‘आल्ट’, इंग्रजी ‘ओल्ड’, पण डच ‘आउट’. त्याच चालीवर शुल्टहाइसचे ‘स्खाउट’ झाले व त्यावरून ‘स्खाउटेन’ हे तेथील सर्वपरिचित आडनाव निघाले.

सर्वच ठिकाणी गावप्रमुखाला हा शब्द होता असे मात्र नाही. सॅक्सनीच्या पुष्कळ भागांत त्याला ‘रिख्टर’, हेसेनमध्ये ‘ग्रेबे’, मेक्लेनबुर्ग-होल्श्टाइनकडे ‘बुरमाइस्टर’, स्वित्झर्लंडकडे ‘अम्मान’ म्हणत. ही सर्व आज त्या त्या प्रांतातील आडनावे आहेत.

वेस्टफालियातील शुल्टेंची कथा निराळी आहे. तेथील शुल्टे हा गाव वसविणारा नव्हे. जमीनदाराच्या मुख्य वाडीचा तो कारभारी. आसपासच्या कुळांकडून धान्य, कोंबड्या, वेठ गोळा करावयाची ती ह्या मोठ्या वाडीवर. हळूहळू ती वाडी त्याच्याच घराण्यात राहू लागली व शुल्टे हे त्या वाडीच्या नावाचाच भाग झाले. तेथे अशी चाल होती की, आडनाव माणसाचे नसून जमिनीचे असे. शुल्टेवाडीच्या मुलीशी लग्न करून कोणी परका तरुण तेथे राहावयास आला तर तो आपले आडनाव सोडून वाडीचे आडनाव घेई. कागदोपत्री त्याला ‘अमुक, म्हटले जाणारे शुल्टे तमुक’ असे लिहीत. मुलांनाही वाडीचेच नाव. एका बापाचे दोन मुलगे दोन वाड्यांवर जन्मले तर सख्ख्या भावांची आडनावे वेगळी असल्याची उदाहरणे त्या भागाच्या वंशावळींत मिळतात, आणि वंशावळी जुळविणारे डोक्याला हात लावून बसतात. ही चाल १९ व्या शतकाच्या आरंभी, फ्रेंच व नंतर प्रशियन अंमलात सरकारी दफ्तरे काटेकोर झाली, तेव्हा मागे पडली. पण म्युन्स्टरच्या परिसरात अजूनही ‘शुल्त्से’ आणि त्यापुढे वाडीचे नाव, अशी दुहेरी आडनावे आढळतात. आम्हांस ही चाल मोठी विचार करावयास लावणारी वाटते. आडनाव बापाकडून येते, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की, ते मातीकडूनही येऊ शकते हे ध्यानातच येत नाही.

१६ व्या शतकात विद्वान मंडळींना साध्या जर्मन आडनावांची लाज वाटू लागली, आणि त्यांनी ती लॅटिनमध्ये नेली. काही शुल्त्से ‘स्कुल्टेटस’ झाले, काही ‘प्रेटोरियस’. वरच्या लाउझित्स प्रदेशाचा नकाशा १५९३ साली तयार करणारे गोर्लित्सचे बार्थोलोमेउस स्कुल्टेटस, आणि प्रसिद्ध संगीतकार मिखाएल प्रेटोरियस हे दोघेही ह्याच आडनावाचे. एकाच शब्दाची ही दोन सोंगे आहेत, असे वरून कोणाला वाटणार नाही.

हे आडनाव आपल्या देशातही येऊन गेले आहे. बेंजामिन शुल्त्से हा जर्मन मिशनरी १७१९ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे उतरला, पुढे मद्रासेस गेला आणि १७४३ मध्ये परतला. त्याने तेलुगूचे व्याकरण लिहिलेच. शिवाय हिंदुस्थानी भाषेचेही व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले व ते १७४५ साली जर्मनीतील हाले येथे छापले गेले. त्याचा जन्म ब्रांडेनबुर्गच्या पूर्वेकडील नोइमार्क भागात झोनेनबुर्ग येथे झाला होता. वरच्या नकाशात बोट ठेवून पाहावे. आडनाव आणि जन्मस्थान ह्यांचा मेळ बरोबर बसतो.

असा मेळ सर्वत्र बसता तर हा लेख येथेच संपला असता. परंतु २००५ च्या टेलिफोन-यादीवरून काढलेला ‘शोल्ट्स’चा नकाशा पाहिला की माणूस गोंधळतो. हे सिलेशियाचे आडनाव. पण त्या नकाशात सिलेशियाच नाही! आहे तो तिचा नाइसे नदीच्या पश्चिमेस उरलेला गोर्लित्सकडील लहानसा तुकडा. आणि आडनाव पाहावे तर हॅम्बुर्गपासून म्युनिकपर्यंत सर्व देशभर विखुरलेले.

ह्याचे कारण १९४५ सालात आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला. नाझी राजवटीने पोलंडवर जे भयंकर अत्याचार केले होते, त्यांचा हिशेब पुढे होता. ओडर आणि नाइसे ह्या नद्यांच्या पूर्वेकडील मुलूख पोट्सडामच्या परिषदेत पोलंडच्या कारभाराखाली देण्यात आला, आणि तेथील जर्मन रहिवाशांना निघून जावे लागले. काही रशियन फौजांच्या भीतीने आधीच पळाले होते. उरलेल्यांना पुढील दोन-तीन वर्षांत घालविण्यात आले. पूर्व युरोपातील सर्व प्रदेश मिळून अशा निर्वासितांची संख्या सुमारे १ कोटी २० लाख धरतात. त्यांत सिलेशियाचे लोक फार मोठ्या संख्येने होते. हातगाडीवर मावेल तेवढे सामान घेऊन ते निघाले. घर, शेत, गुरे मागे राहिली. जे बरोबर नेण्यास कोणाची परवानगी लागली नाही ते आडनाव.

पश्चिमेकडे ते जेथे उतरले तेथे गावोगाव आधीचे शुल्ट्स, शुल्टे, शुल्टहाइस होतेच. त्यांत हा ‘ओ’काराचा शोल्ट्स नवा होता. १९४५ पूर्वीच्या नकाशात एका कोपऱ्यात दाटलेला शाईचा डाग जणू पाण्यात पडला आणि कागदभर पसरला. माजी चान्सेलर शोल्ट्स ह्यांचा जन्म १९५८ मध्ये ओस्नाब्र्युक येथे झाला, आणि ते वाढले हॅम्बुर्ग येथे. त्यांच्या घराण्यात कोण, केव्हा, कोठे गावप्रमुख होता, हे त्यांचे आडनाव सांगू शकत नाही. ते एवढेच सांगते की, हा उच्चार मूळचा ओस्नाब्र्युकचाही नव्हे आणि हॅम्बुर्गचाही नव्हे. गावावरून पडलेले ‘कर’ अखेरीचे आडनाव घेऊन इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा शहरांत चार-चार पिढ्या राहिलेल्या आमच्या वाचकांस ह्यात परके असे काही वाटू नये. मात्र आपले पूर्वज चाकरीस अथवा स्वारीबरोबर आपण होऊन आले, आणि त्या लोकांना कोणी विचारले नव्हते, हा भेद विसरता येत नाही.

आणि सिलेशियाचे काय झाले? जर्मन गेले त्या घरांत पोलिश लोक येऊन राहिले. त्यांपैकी पुष्कळजण स्वतःच निर्वासित होते. पोलंडचा जो पूर्वभाग सोव्हिएत संघाकडे गेला, तेथून, लव्हूफ शहराच्या बाजूने, ते आलेले होते. गावांची नावे बदलली. ब्रेस्लाउचे व्रोत्सवाफ झाले. दुकानांवरील, दगडांवरील जर्मन अक्षरे पुसून टाकण्यात आली.

पण एक शब्द पुसला गेला नाही, कारण तो जर्मन आहे असे कोणाला वाटतच नव्हते. मध्ययुगात पोलंडच्या राजांनीही जर्मन कायद्याच्या धर्तीवर गावे वसविली होती, आणि त्या वेळी शुल्टहाइस हा अधिकारी पोलिश भाषेत ‘सोल्तिस’ ह्या नावाने आला होता. त्यातील ‘ल’चा उच्चार आता ते लोक ‘व’सारखा करतात. १४२३ च्या वार्ता येथील कायद्याने जमीनदारांना बंडखोर सोल्तिसांची वतने विकत घेऊन टाकण्याची मुभा दिली, इतके हे लोक तेव्हा प्रबळ झाले होते. ती वतने गेली, पण शब्द राहिला. आजही पोलंडमध्ये खेड्याच्या प्रमुखाला सोल्तिसच म्हणतात. तो वंशपरंपरेचा नसतो. गावकरी सभा भरवून त्याला निवडून देतात, आणि पुष्कळ गावी ह्या पदावर स्त्रिया आहेत. ज्या गावांतून शोल्ट्स आडनावाची कुटुंबे हातगाड्या ओढीत निघून गेली, त्याच गावांत गावप्रमुखाच्या दारावर आज एक लहानशी पाटी लावलेली असते आणि तिच्यावर तो एकच शब्द लिहिलेला असतो – सोल्तिस.